कामाच्या बदल्यात काम करताना हिशेब कसा ठेवता?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मी घरून डिझाइनची कामं करते, लोगो, कार्ड, कॅटलॉग वगैरे. चार महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका सुतारदादांशी बोलणं झालं, त्यांनी नवीन वर्कशॉप सुरू केलं होतं आणि त्यांना लोगो आणि कॅटलॉग हवा होता, मला भिंतभर पुस्तकांचं कपाट आणि कामाचं टेबल हवं होतं, दोघांकडेही रोख पैशांची ओढाताण, म्हणून ठरलं की मी त्यांचं करते, ते माझं करतील. पैशाचा विषयच नको. दोघांनाही इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी!

त्यांनी नऊ दिवसांत कपाट आणि टेबल उभं करून दिलं, आणि काय देखणं काम आहे, फळीला फळी कुठे जुळलीय ते बोट फिरवूनही कळत नाही. माझं मात्र संपतच नाहीये. लोगो झाला, कार्डं झाली, कॅटलॉग 24 पानांचा ठरला होता तो नवीन नवीन फोटो येत गेले तसा 40 पानांवर गेला, मग एक पोस्टर, मग सोशल मीडियासाठी पोस्ट, आता म्हणतायत गाडीवर लावायला स्टिकरचं डिझाइन पण देशील ना. मी परवा तास मोजले तर 70 च्या वर गेलेत. नाही म्हणायला तोंड उघडत नाही कारण ते कपाट रोज समोर उभं असतं. माणूस वाईट नाही हो, अजिबात नाही, म्हणूनच जास्त अवघड जातंय.

त्यात आता माझ्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलंय की वेबसाइट करून देशील का, रूट कॅनाल आणि कॅपचे पैसे घेणार नाही. मला मोह होतोय पण भीती पण वाटतेय. तर जे लोक असं करतात त्यांनी सांगा की तुम्ही तासाला तास धरता की बाजारातला रेट धरता, लिहून ठेवता का, आणि चालू व्यवहार मध्येच थांबवायचा असेल तर नातं न तुटता कसं बोलायचं?

जुनी_किल्ली:
मी कॉम्प्युटर दुरुस्ती करतो आणि अकरा वर्षं झाली अशी अदलाबदल करतोय, मुलीचे गाण्याचे क्लास, घराचं रंगकाम, एकदा चक्क गाडीचं क्लच काम पण असंच झालं. एकच गोष्ट सांगतो, सुरुवातीलाच दोघांनी आपापला रोखीचा रेट तोंडाने बोलायचा. "हे काम कोणी पैसे देऊन करून घेतलं तर मी इतके घेतो." बस. पैसे द्यायचे नसले तरी आकडा बोलायचाच. आकडा बोलला नाही की प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःचं काम महाग आणि समोरच्याचं स्वस्त धरतो, आणि ते मुद्दाम कोणी करत नाही, आपले कष्ट आपल्याला दिसलेले असतात, समोरच्याचे नाही.

मग काम कुठे संपलं म्हणायचं ते ठरवायचं. तुमच्या बाबतीत "कॅटलॉग" एवढंच ठरलं, "24 पानं, दोन वेळा करेक्शन, त्यानंतर फायनल फाइल" असं ठरलं असतं तर तुम्हाला आज हा प्रश्न पडला नसता. आणि तारीख घाला. आणि फरक राहिला तर तो रोख द्यायचा घ्यायचा, त्यात लाज नाही.

हे सगळं मी एक मित्र गमावून शिकलोय. त्याचं ऑफिसचं नेटवर्क मी दोन वर्षं सांभाळलं, त्याच्याकडून काय यायचं ते कधी नीट ठरलंच नाही, शेवटी एका फालतू प्रिंटरवरून आम्ही बोलायचे थांबलो. प्रिंटर हे फक्त निमित्त होतं. अजून वाईट वाटतं.

चौकटीबाहेर:
माझं मत वेगळं आहे. सरळ तुम्ही त्यांना पूर्ण बिल द्या, ते तुम्हाला पूर्ण बिल देतील, दोघं एकमेकांना पैसे ट्रान्सफर करा. शेवटी तेवढेच पैसे इकडून तिकडे जातात ना? हिशेब स्वच्छ राहतो.

जुनी_किल्ली:
@चौकटीबाहेर, दोघांकडे त्या दिवशी तेवढे पैसे असतील तरच ना. त्यांनी लिहिलंय की दोघांची ओढाताण होती. अदलाबदलीची गरजच तिथून सुरू होते.

पाटीपुस्तक:
मी अर्थशास्त्र शिकवते, आणि हा धागा वाचून राहवलं नाही, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचा इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ, त्याने 1875 मध्ये पैशावर लिहिताना सुरुवातच एका फ्रेंच गायिकेच्या गोष्टीने केली. ती पॅसिफिक महासागरातल्या सोसायटी बेटांवर गायला गेली आणि तिकीटविक्रीतला तिसरा हिस्सा तिला मिळायचा होता. तो मिळाला 3 डुकरं, 23 टर्की, 44 कोंबड्या, 5000 नारळ आणि वर ढीगभर केळी, लिंबं, संत्री. पॅरिसमध्ये याचे चांगले पैसे झाले असते पण तिथे ते विकत घेणारं कोणी नाही, आणि तोपर्यंत जनावरं उपाशी कशी ठेवणार, म्हणून मानधनातली फळं मानधनातल्याच डुकरांना आणि कोंबड्यांना घालावी लागली.

यावरून त्याने वस्तुविनिमयाच्या तीन अडचणी सांगितल्या. पहिली सगळ्यांना माहीत असते, मला जे हवं ते तुझ्याकडे असायला हवं आणि तुला जे हवं ते माझ्याकडे, तेही एकाच वेळी. ही तुमच्याकडे सुटलेली होती, छान जुळलं होतं. पण उरलेल्या दोन तशाच राहिल्या. एक म्हणजे मोजायला सामायिक माप नाही, किती पानं म्हणजे किती फळ्या? जुनी_किल्ली म्हणतायत ते "आकडा बोला" हे त्याचंच उत्तर आहे, पैसे हातात न घेता पैशाचं माप तेवढं वापरायचं. दुसरी म्हणजे तुकडे पाडता न येणं. कपाट अर्धं देता येत नाही, ते एकदम पूर्ण येतं आणि पूर्ण झालेलं सगळ्यांना दिसतं. तुमच्या कामाचे मात्र हवे तितके बारीक तुकडे पडतात, अजून एक पान, अजून एक पोस्ट, आणि प्रत्येक तुकडा इतका लहान की त्याला नाही म्हणणं कोतेपणाचं वाटतं. 70 तास असेच गेलेत बघा तुमचे.

अजून एक, जे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. पुस्तकात आपण शिकतो की आधी लोक अदलाबदल करायचे, मग कंटाळून पैसा आला. पण कॅरोलाइन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये स्पष्ट लिहिलं की निव्वळ अदलाबदलीवर चालणारी अर्थव्यवस्था कुठेही नोंदलेली सापडत नाही. डेव्हिड ग्रेबर यांनी 2011 मध्ये हाच मुद्दा पुढे नेला. ओळखीतली माणसं "हे घे, ते दे" असं जागच्या जागी करत नव्हती, ती एकमेकांचं उसनं ठेवायची. आज तू मला दिलंस, कधीतरी मी तुला देईन. जागच्या जागी फिट्टंफाट करण्याचा व्यवहार जास्त करून अनोळखी लोकांशी, ज्यांच्याशी पुन्हा गाठ पडेल न पडेल अशांशी.

आता तुमचं बघा. सुरुवात झाली सौद्याने, कपाटाला कॅटलॉग. पण कपाट आधी आलं आणि तुम्ही उसनवारीत गेलात. उसनवारीत आकडा नसतो, "याचं आपल्यावर आहे" एवढीच जाणीव असते आणि ती फेडून संपत नाही. म्हणून तुम्हाला नाही म्हणता येत नाहीये. आधी हे ठरवा की तुम्हाला यांच्याशी सौदा ठेवायचाय की उसनवारीचं नातं ठेवायचंय. दोन्ही चांगलं आहे. पण दोघांनी एकच धरलेलं असावं.

रेघोट्या:
@पाटीपुस्तक, ताई "याचं आपल्यावर आहे" हे वाक्य वाचून मी थांबलेच, अगदी हेच वाटतं रोज सकाळी टेबलावर बसलं की.

नवी_पालवी:
अदलाबदल म्हटलं की मला तो लाल पेपरक्लिपवाला आठवतो, कॅनडाचा काइल मॅकडॉनल्ड, 2005 मध्ये एका पेपरक्लिपपासून सुरू करून 14 अदलाबदलींत वर्षभरात घर मिळवलं त्याने! म्हणजे नीट केलं तर फायदाच फायदा की.

पाटीपुस्तक:
@नवी_पालवी, गोष्ट खरी आहे, पण त्याला वर्षभर जगभरातून प्रसिद्धी मिळत होती आणि समोरच्यांना त्या गोष्टीत आपलं नाव हवं होतं, घर पण सास्काचेवानमधल्या किपलिंग नावाच्या छोट्या गावाने दिलं. दर वेळी आपली वस्तू वरचढ करत न्यायची हे ओळखीतल्या माणसाशी करायला गेलं तर दुसऱ्यांदा कोणी दारात उभं करणार नाही.

वर्तुळ:
तासाला तास धरता का असं विचारलंय म्हणून लिहिते. मी सहा वर्षं एका टाइम बँकेत होते. तिथे नियम सोपा, कोणाचाही एक तास म्हणजे एक तास. वकिलाचा असो की बागेतली पानं गोळा करणाऱ्याचा. ज्याला दिलं त्याच्याकडूनच परत घ्यायचं असंही नाही, मी एका आजोबांना फोन वापरायला शिकवलं, माझ्या खात्यात दोन तास जमा झाले, ते मी तिसऱ्याच बाईकडून शिवणकामाला वापरले. म्हणजे ताईंनी वर सांगितलेली ती जुळण्याची अडचण राहत नाही.

ही कल्पना जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी 1973 मध्ये ओसाकात बँक काढून प्रत्यक्षात आणली, तिथे बायका आपल्या कामाचे तास साठवायच्या आणि पुढे गरज पडली की वापरायच्या. अमेरिकेत एडगर कान यांनी. त्यांना 1980 मध्ये मोठा हार्ट अटॅक आला, हॉस्पिटलात पडल्या पडल्या सगळे आपल्यासाठी करतायत आणि आपला कोणाला काही उपयोग नाही हे त्यांना सहन होईना, त्यातून त्यांना हे सुचलं. मला हे फार खरं वाटतं. आमच्या बँकेत ज्यांना सगळे "मदत लागणारे" समजायचे ते लोक तास कमवायला लागले की त्यांचं बसणं बोलणं बदलायचं, मी डोळ्यांनी बघितलंय.

पण अडचणी पण सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आमच्याकडे द्यायला सगळे तयार असायचे, मागायला कोणी नाही. तास साठवून ठेवायचे लोक. वॉशिंग्टनमधल्या कॅपिटल हिलवर साधारण 150 जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळायची सहकारी बँक केली होती, त्यांचं असंच झालं. अर्ध्या तासाला एक कूपन. पण प्रत्येकाला वाटायचं हाताशी थोडी कूपनं राखून ठेवावीत, त्यामुळे बाहेर जायला कोणी तयार होईना, आणि तुम्ही बाहेर गेलात तरच मला सांभाळायचं काम मिळणार ना! सगळं ठप्प. शेवटी आणखी कूपनं वाटली तेव्हा सुरळीत झालं, मग ती पण जास्त झाली. स्वीनी दांपत्य त्या गटात होतं, त्यांनी 1977 मध्ये यावर लेख लिहिला म्हणून आपल्याला माहीत.

मोठ्या प्रमाणावर बिघडलेलं बघायचं तर अर्जेंटिना. 1995 मध्ये ब्युनोस आयर्सजवळ बर्नालला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एक छोटा अदलाबदलीचा क्लब काढला, 2001-02 च्या आर्थिक संकटात देशभर लाखो लोक अशा क्लबांवर जगले, पण त्यांच्या कूपनांच्या नकला निघाल्या, छापणारे वारेमाप छापत सुटले आणि 2002 संपता संपता बहुतेक क्लब बसले. ओळख होती तोवर चाललं.

तुमच्या दोघांच्यात तासाला तास चालेल का? मला वाटतं नाही. का ते कोणी कारागीरच नीट सांगेल.

रंधा:
मी सांगतो. मी फर्निचरचंच काम करतो, वीस वर्षं झाली.

ताई राग मानू नका पण तुम्ही तुमचे तास मोजले, त्याचं मटेरियल मोजलं का? भिंतभर कपाट आणि टेबल म्हणजे प्लाय किती लागतो, वर लॅमिनेट किंवा व्हिनियर, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, स्क्रू, पॉलिश, वाहतूक. हे सगळं त्याने दुकानातून रोख पैसे देऊन आणलं. दुकानदार लोगो घेत नाही. आणि नऊ दिवस तो एकटा नसणार, भिंतभर काम एकट्याने होत नाही, एक हेल्पर तरी असणार, त्याला संध्याकाळी पैसेच द्यावे लागतात. म्हणजे तुमच्याकडून फक्त मेहनत गेली, त्याच्याकडून मेहनत पण गेली आणि खिशातले पैसे पण गेले. आमच्याकडे कुठलंही काम घेताना पहिला प्रश्न असतो, मजुरी का विथ मटेरियल? तुमच्यात तो प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

कदाचित म्हणूनच तो अजून एक अजून एक मागत असेल. त्याच्या डोक्यात अजून फिटलेलं नसेल. तोंडाने सांगायला त्यालाही जड जात असेल, कारण पैशाचा विषय नको असं दोघांनीच ठरवलेलं. मी त्याच्या जागी राहिलोय. एका सरांच्या घरी किचनच्या ट्रॉल्या करून दिल्या, बदल्यात पोराची शिकवणी. सर चांगलेच होते, पण ट्रॉलीच्या मटेरियलची उधारी मी पाच महिने फेडत होतो आणि शिकवणी एक दिवस बुडाली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. त्यांना काय माहीत मला का एवढं लागतंय. सांगायला पाहिजे होतं मी.

आता मी असं करतो, मटेरियल आणि हेल्परचे पैसे रोख, त्यात अदलाबदल नाही. फक्त माझ्या हातच्या मजुरीची अदलाबदल. डॉक्टरांचं पण तसंच धरा, कॅप त्यांना लॅबमधून पैसे देऊन करून घ्यावी लागते.

रेघोट्या:
@रंधा दादा, खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार महिने मी स्वतःला बिचारी समजत होते. राग कसला, उलट मनापासून आभार. त्यांच्याबरोबर रोज एक मुलगा यायचा, मी त्याला पाणी द्यायचे, त्याला पैसे कोण देतंय हा विचार एकदाही केला नाही.

ताळेबंद:
टॅक्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पैसे हातात आले नाहीत म्हणजे उत्पन्न झालं नाही हा समज बऱ्याच ठिकाणी चुकीचा ठरतो. अमेरिकेत व्यवसायातल्या अदलाबदलीत जे मिळालं त्याची बाजारभावाने किंमत धरून ती त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवावी लागते, दोघांनीही. ब्रिटनमध्ये दोघं नोंदणीकृत असतील तर दोन्ही बाजूंनी व्हॅट लागतो. शेजारी एकमेकांची मुलं सांभाळतात अशा घरगुती, बिगरधंद्याच्या देवाणघेवाणीला अमेरिकन नियम वेगळं धरतात, पण तुम्ही आणि डॉक्टर आपापल्या व्यवसायातलंच काम देताय, ते घरगुती नाही. तुम्ही जिथे असाल तिथला नियम तुमच्या हिशेबनीसाला विचारा आणि @चौकटीबाहेर म्हणतात तशी दोन्ही बाजूंची बिलं मात्र नक्की करा, पैसे फिरवा न फिरवा. नंतर किंमत काय धरली हे दाखवायला तोच एक कागद असतो.

आणि अदलाबदल म्हणजे गरिबीतलं काहीतरी असं समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये 1934 साली मंदीत धंद्यात रोकड फिरेना तेव्हा वेर्नर झिमरमान, पॉल एन्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी वीर नावाचं मंडळ काढलं, सभासद व्यावसायिक एकमेकांना वीरमध्ये देणं देतात, एक वीर म्हणजे एक फ्रँक असं धरून, पण त्याचे फ्रँक करून मिळत नाहीत, खर्च सभासदांतच करायचा. त्या मंडळाचीच पुढे बँक झाली, ती आजही चालू आहे. माप पैशाचं, व्यवहार कामाचा. वर जे दोघा-तिघांनी सांगितलं तेच मोठ्या रूपात.

चौकटीबाहेर:
मी आधी जरा घाईत लिहिलं. बिल दोन्हीकडून आणि फरक तेवढा रोख, हे मला पटलं.

रेघोट्या:
अपडेट द्यायला आले. काल वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. आधी मीच विचारलं, दादा कपाटाला मटेरियल किती लागलं होतं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आतून वही आणली. सगळं लिहिलेलं होतं त्यात, प्लायपासून हेल्परच्या नऊ दिवसांपर्यंत. मला कधी दाखवली नव्हती. मी माझे तास आणि माझा रेट लिहून नेला होता, तो शेजारी ठेवला. त्यांना पण धक्का बसला, त्यांना वाटत होतं पोस्ट वगैरे दहा मिनिटांचं काम असेल, कॉम्प्युटरच करतो ना.

बेरीज केली तर गंमत म्हणजे फार फरक नव्हताच, थोडंसं त्यांचंच माझ्याकडे निघत होतं. म्हणजे चार महिने दोघंही आपापल्या घरी बसून आपलं समोरच्याकडे किती राहिलंय हेच मोजत होतो. त्या फरकात गाडीच्या स्टिकरचं डिझाइन बसवलं आणि तिथे फिट्टंफाट म्हणून दोघांनी वहीत सही केली. पुढचं काय असेल ते नवीन पानावर, असं तेच म्हणाले.

डॉक्टरांना पण कळवलंय, वेबसाइट पाच पानांची, दोन वेळा करेक्शन, अमुक तारखेला संपेल, कॅपचे लॅबचे पैसे मी रोख देणार, बाकी त्यांच्या कामाच्या बदल्यात माझं काम. त्या लगेच हो म्हणाल्या, आणि म्हणाल्या की लॅबचं मी विचारलं हे त्यांना फार बरं वाटलं. आता एकच विचारायचंय, वेबसाइट झाल्यावर पुढे बारीकसारीक बदल लागतातच, ते यात धरू की वेगळे?

जुनी_किल्ली:
वेगळे. तीन महिने मोफत असं लिहा, नंतरचे रेटप्रमाणे.

रंधा:
हो, वेगळेच. आणि कपाटाचं पण विचारून ठेवा ताई, वापरून वापरून ड्रॉवर अडकायला लागतात, बिजागऱ्या सैल होतात, ते आवळायला यायचं कोणात धरायचं ते त्या नवीन पानावर आत्ताच लिहून घ्या.